नख उपटून टाकलं, तरी पुन्हा रुतलं

पत्र : डॉक्टर, माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे मैदानावर सोळाशे मीटरचा सराव असतो. पळायचे बूट त्याच्या चुलतभावाचे आहेत, थोडे घट्ट होतात. दीड-दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख कडेला मांसात रुतलं. चुना-हळद लावली, गोळ्या दिल्या, फरक पडला नाही. मग एका डॉक्टरांनी भूल देऊन पूर्ण नख काढलं. त्याला आता सव्वा वर्ष झालं. नवीन नख आलं ते जाड आणि पुन्हा त्याच बाजूला रुतलं. आता कडेला लाल मांस वाढलंय, धक्का लागला की रक्त येतं, मोज्याला पू लागतो. मैदानी चाचणी सात आठवड्यांवर आली आहे. तो म्हणतो, चाचणी होईपर्यंत दम धरतो. काय करू? जाता जाता एक : यांना अकरा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. यांचंही अंगठ्याचं नख जाड, पिवळं होऊन कडेला वळलंय. हे ब्लेडने कोरून काढतात, दुखत नाही म्हणतात. त्यांनाही हेच औषध चालेल का?
एक आई, सांगली जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पत्र मुलासाठी लिहिलंय, पण मला जास्त काळजी वाटली ती शेवटच्या चार ओळींची. त्याकडे मी येतेच. आधी मुलाचं बघू, कारण त्याच्यापुढे तारीख उभी आहे.

दम धरू देऊ नका. सात आठवडे हा बरोबर पुरेल असा वेळ आहे. या आठवड्यात योग्य ती छोटी शस्त्रक्रिया झाली तर तो चाचणीला दुखऱ्या पायाशिवाय उभा राहू शकतो. तीन आठवडे वाट पाहून मग आलात, तर जखम ओली असतानाच त्याला पळावं लागेल.

एकदा नख काढूनही हे परत का आलं, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे. नख उगवतं ते मुळातून. हे मूळ बोटाच्या कातडीखाली, नखाच्या मागच्या टोकाला असतं. नखाच्या बुडाशी पांढरट अर्धचंद्र दिसतो ना, तो त्याचाच उघडा भाग. वरचं नख उपटलं तरी मूळ जिथल्या तिथे राहतं आणि तेवढ्याच रुंदीचं, त्याच वळणाचं नख पुन्हा पाठवतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाच्या अंगठ्याचं त्याच्या निम्मंच. म्हणून ते पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मधल्या काळात अंगठ्याच्या टोकाचं मांस दाबून धरायला वर नख नसतं. चालताना जमीन खालून रेटते, ते मांस वर उचललं जातं, आणि हळूहळू पुढे सरकणारं नवं नख त्या उंचवट्यावर जाऊन आदळतं. मुळाला हात न लावता नुसतं नख काढलं, तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त रुग्णांत त्रास परत येतो. तुमच्या मुलाचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. शिकत असताना मीही पूर्ण नखं काढली आहेत, आणि तीच माणसं वर्षभराने तोच अंगठा घेऊन परत आलेली पाहिली आहेत. तेव्हापासून या कारणासाठी पूर्ण नख काढायला माझा ठाम विरोध आहे. रुग्णाला यातना होतात, बोट महिनोन्‌महिने उघडं राहतं आणि हाती काही लागत नाही.

पहिल्यांदा ते रुतलं कशाने, हेही तुमच्या पत्रातच आहे. चुलतभावाचे घट्ट बूट. पळताना प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो, शेजारचं बोट त्याला बाजूने दाबतं, घामाने कातडी मऊ पडलेली असते. अशा मऊ कातडीत नखाची कड सहज घुसते. त्यात बहुतेक मुलांची एक सवय असते, तुमच्या मुलाला विचारून बघा : नखाचे कोपरे खोलवर गोल कापणं, किंवा नेलकटर न घेता बोटांनीच नखाची कड ओढून तोडणं. कोपरा कापला की तात्पुरतं बरं वाटतं, पण आत, जिथे नेलकटर पोचत नाही तिथे, नखाचा एक बारीक काटा उरतो. नख पुढे वाढतं तसा तो काटा मांसात शिरतो. मग दुखतं म्हणून मुलगा कोपरा आणखी खोल कापतो आणि काटा आणखी मागे, आणखी आत जातो.

शरीराच्या दृष्टीने तो काटा म्हणजे बाभळीचाच काटा. बाहेरची वस्तू घुसली की आधी सूज आणि ठणका, मग पू, आणि तसंच राहिलं तर जखम भरून काढायला शरीर लालभडक, ओलं, सहज रक्त येणारं मांस वाढवतं. तुमचा मुलगा या तिसऱ्या पायरीवर आहे. गोळ्यांनी फरक का पडला नाही हेही यावरून कळेल. पायात काटा रुतलेला असताना तो न काढता कितीही गोळ्या खाल्ल्या तरी काय उपयोग? जंतू थोडे कमी होतात, पू आटतो, गोळ्या संपल्या की आठवड्यात सगळं पूर्ववत. लाली पसरत असेल, ताप असेल तर प्रतिजैविकं द्यावीच लागतात, पण नख रुतण्यावरचा तो इलाज नाही.

चुना मात्र आजपासून बंद. चुना दाहक आहे, तो कातडी भाजतो. रुतलेल्या नखाभोवतीची कातडी आधीच सुजलेली असते, तिच्यावर चुना म्हणजे जखमेवर जखम. हळदीने एवढं नुकसान होत नाही, पण तिचा लेप वाळून बसला की खाली पू साचलाय की नाही ते दिसत नाही.

आता शस्त्रक्रिया. मुलाला नीट समजावून सांगा, कारण मागच्या अनुभवाने तो घाबरलेला असणार. या वेळी पूर्ण नख काढायचं नाही. बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भुलीची इंजेक्शनं देतात. ती झोंबतात, अर्धा मिनिट दात-ओठ खावे लागतात, हे त्याला आधीच खरं सांगा. बोट बधिर झालं की जी कड रुतली आहे तेवढीच, तीन-चार मिलिमीटर रुंदीची उभी पट्टी, टोकापासून मुळापर्यंत कापून काढतात. वाढलेलं लाल मांस खरवडतात. मग त्या पट्टीचं जे मूळ आहे त्याच्यावर, रक्त नीट टिपून घेऊन, फिनॉल नावाचं रसायन काही मिनिटं चोळतात. त्याने मुळाचा तेवढाच कोपरा कायमचा निकामी होतो. उरलेलं नख आपल्या जागी राहतं आणि ती काठची पट्टी पुन्हा उगवत नाही. टाके बहुधा लागत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांत माणूस चालत घरी जातो.

हे फिनॉल म्हणजे जुन्या काळचं कार्बोलिक ॲसिड. १८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी जखमा चिघळू नयेत म्हणून जे वापरायला सुरुवात केली, तेच. नखाच्या मुळासाठी ते फार तीव्र करून वापरतात. मुद्दाम सांगते, कारण नावावरून घोटाळा होतो : फरशी पुसायचं फिनाईल वेगळं. ते बोटाला लावायचं नाही, आणि खरं फिनॉल कुठे मिळालं तरी तेही घरी लावायचं नाही. चुकून चांगल्या कातडीवर सांडलं तर ते जाळतं.

या पद्धतीने त्रास परत येण्याचं प्रमाण शंभरात चार-पाचांच्या आसपास राहतं. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने रुतणाऱ्या नखांवरच्या २४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नख पुन्हा रुतू नये यासाठी शस्त्रक्रिया इतर उपायांपेक्षा सरस, आणि फिनॉल लावलेली शस्त्रक्रिया न लावलेलीपेक्षा बहुधा सरस, असा त्याचा कौल होता. शस्त्रक्रियेनंतर सरसकट दिलेल्या प्रतिजैविकांनी जखम लवकर भरते किंवा जंतुसंसर्ग टळतो, असं मात्र त्यात दिसलं नाही. तेव्हा नंतर गोळ्यांची पिशवी मिळाली नाही तर डॉक्टरांनी हयगय केली असं समजू नका.

फिनॉलचा एक तोटा आहे : जखम काही काळ पाझरते. दोन ते चार आठवडे पट्टीवर पिवळसर पाणी दिसेल. त्याला पू समजून घाबरू नका. रोज कोमट पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, पट्टी बदलायची. पहिले दोन दिवस पाय उशीवर वर ठेवून बसायचं. मग पुढून उघडी चप्पल घालून चालायला हरकत नाही. (तुमच्याकडे घरोघरी कोल्हापुरी असते. तिचा अंगठा नेमका दुखऱ्या बोटात अडकतो, म्हणून महिनाभर ती नको.) पळणं जखम कोरडी झाल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्याअखेर, आधी हलकं, मग वेगात. तोवर त्याला गोळाफेकीचा सराव करू दे. त्यालाही मैदानावर गुण आहेतच, आणि हाता-खांद्याचा व्यायाम बसून होतो. माझ्या हिशेबाने त्याच्या हातात पळण्यासाठी चार आठवडे उरतात. नख कायमचं किंचित अरुंद दिसेल, पण त्याने पायाच्या ताकदीत काही फरक पडत नाही.

कुठे जायचं? सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ. उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये सर्जनच्या ओपीडीत दाखवता येईल. डॉक्टरांना न संकोचता दोन प्रश्न विचारा : फक्त कडेची पट्टी काढणार ना? आणि मुळाला फिनॉल लावणार का? काही सर्जन फिनॉलऐवजी मुळाचा तो कोपरा कापून काढतात, तेही चालतं. “पूर्ण नख काढू, परत आलं तर बघू” असं उत्तर आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणखी एक गोष्ट मुलाला एकट्याला विचारा. चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी तो आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतो का? त्या गोळ्यांनीही नखांच्या कडेला असंच लाल मांस वाढतं. घेत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. काढलेलं मांस नेहमीसारखं दिसत नसेल, किंवा नखाखाली काळी रेघ असेल, तर ते तपासणीला पाठवावं लागतं. त्यात कर्करोगासारखं काही क्वचितच निघतं, पण डॉक्टरांनी तसं सुचवलं तर नाही म्हणू नका.

शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत रोज दोन-तीन वेळा, पंधरा मिनिटं, बाळाच्या अंघोळीला चालेल इतक्या कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून पाय बुडवू दे. मग कोरडा पुसून, चिकटपट्टीचं एक टोक नखाच्या अगदी कडेच्या सुजलेल्या मांसावर लावायचं, मांस नखापासून लांब खाली ओढायचं, आणि पट्टी बोटाखालून तिरकी गुंडाळायची. नख आणि मांस यांच्यात एवढी फट पडली तरी ठणका उतरतो. ओल्या जागेवर पट्टी टिकत नाही, म्हणून आधी नीट कोरडं करा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरे. बूट बंद. रात्रीतून लाली बोटावरून पावलाकडे सरकली, ताप आला किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

ज्यांचं नख नुकतंच दुखायला लागलंय, पू नाही, मांस वाढलेलं नाही, त्यांचं मात्र शस्त्रक्रियेशिवाय भागू शकतं. असे वाचक बरेच असतील म्हणून इथेच सांगते. वर सांगितलेलं कोमट पाणी आणि चिकटपट्टी तर आहेच, शिवाय पाण्यातून पाय काढल्यावर, नख मऊ असताना, कापसाची वळी नखाच्या कोपऱ्याखाली सरकवायची. समईच्या वातीपेक्षाही बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी. तिने कोपरा उचललेला राहतो आणि नख मांसावरून पुढे सरकायला वाट मिळते. वळी रोज बदलायची. नखाची वाढ संथ असल्याने हे काही आठवडे चिकाटीने करावं लागतं, आणि त्या काळात कोपऱ्याला नेलकटर लावायचं नाही. नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, असं पुष्कळ जण सांगतात. तसं होत नाही. नख मागून, मुळातून वाढतं. पुढे खाच आहे की नाही हे मुळाला कळत नाही.

आता तुमच्या यजमानांचं. ताई, त्यांना हेच औषध चालणार नाही, आणि यातलं घरी काहीच करायचं नाही. कोमट पाण्यात पाय बुडवणंसुद्धा नाही.

ब्लेडने नख कोरताना दुखत नाही, हे तुम्हाला बरं लक्षण वाटलं असेल. मला त्याचीच भीती वाटते. अकरा वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसांची संवेदना हळूहळू जाऊ शकते. नखाची कड कोरताना दुखायलाच हवं. ज्याला दुखत नाही त्याला ब्लेड किती खोल गेलं हे कळत नाही, बुटात खडा आहे हे कळत नाही, पाणी कढत आहे हे कळत नाही. म्हणून तर पाय बुडवू नका म्हटलं. पाणी फार तापलंय हे त्यांचा पाय सांगणारच नाही आणि फोड आलेले सकाळी दिसतील. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असला, तर ब्लेडची एवढीशी चीर भरायला रक्तच पोचत नाही. मधुमेही माणसाचं बोट, कधी पाऊल कापावं लागतं, त्याची सुरुवात पुष्कळदा अशाच किरकोळ जखमेने झालेली असते. मी हे घाबरवायला लिहीत नाही. आज त्यांना बहुधा जखम नाही, तेव्हा हे सगळं टाळण्याची वेळ आत्ता आहे.

त्यांचं नख जाड आणि पिवळं झालंय, ही बुरशी असू शकते. नखाचा तुकडा तपासून बुरशी ठरली तर तोंडाने घ्यायच्या गोळ्या बरेच महिने चालतात, आणि त्यांची बाकीची औषधं, यकृत हे बघूनच त्या द्यायच्या असतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. जाड नखात ते फारसं शिरतही नाही. डॉक्टर त्यांच्या तळपायाला नायलॉनचा एक बारीक धागा टेकवून संवेदना तपासतील, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बघतील. रक्तपुरवठा चांगला असेल तर मधुमेहातही वर सांगितलेली शस्त्रक्रिया होऊ शकते. नसेल तर आधी त्याचा इलाज. एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी बऱ्याच दिवसांत झाली नसेल तर तीही करून घ्या.

आणि ते ब्लेड आजच उचलून ठेवा. त्यांची नखं यापुढे तुम्ही किंवा मुलाने कापायची, अंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, सरळ रेषेत, बोटाच्या टोकाबरोबर. कोपरे कापायचे नाहीत, टोचत असतील तर कानशीने हलकेच घासायचे. फार जाड नख असेल तर तेही डॉक्टरांकडूनच. रोज रात्री त्यांचे दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा. त्यांना वाकून दिसत नसेल आणि जाणवतही नसेल, तर घरात ते डोळे तुमचेच.

मुलाला नवे बूट घ्यावे लागतील, ताई. खर्च आहे, मला कल्पना आहे, पण शस्त्रक्रिया करून पुन्हा त्याच बुटात पाय घातला तर दुसऱ्या पायाचा अंगठा पुढच्या वर्षी दाखवायला याल. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळायचे मोजे घालून उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी. आणि नवे बूट चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. चौथ्या आठवड्यापासून त्यातच सराव.

यजमान स्वतःसाठी दवाखान्यात यायला तयार होणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. “पोराचं बोट कापायचंय, सोबत चला” म्हणून त्यांना घेऊन जा. मुलाचं झालं की तिथेच त्यांना चप्पल काढायला लावा. जाताना चुलतभावाचे ते बूट पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना दाखवा, आणि यजमानांची सध्याच्या औषधांची पाकिटंही सोबत असू द्या.